रात्र पडली की तेलुगू स्टेशन का लागतं?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी जुना तीन बँडचा रेडिओ आहे. मिडियम वेव्हवर दिवसा एक-दोनच स्टेशनं लागतात. रात्री मात्र तेलुगू, कन्नड, गुजराती अशी कुठकुठली स्टेशनं येतात, आणि आवाज सारखा चढतो-उतरतो. एफएम तर ताम्हिणी घाटात शिरलं की गेलंच. असं का होतं? वायरलेस मुळापासून शिकायचं तर सुरुवात कुठून करू? पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर समीकरणं येतात.
– एक विद्यार्थी, मुळशी तालुका

उत्तर : समीकरणं थोडी थांबू देत. आधी एकच भागाकार पाठ कर. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगाची लांबी मीटरमध्ये मिळते, कारण रेडिओतरंग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. पुणे आकाशवाणीची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे ०.७९२ मेगाहर्ट्झ. तिची लांबी झाली जवळजवळ ३७९ मीटर. एफएम १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ३ मीटर. वायफाय २४०० मेगाहर्ट्झला, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. मुलांना वारंवारता तोंडपाठ असते आणि लांबी विचारली की ती गप्प होतात, हे मला फार खटकतं. अँटेना केवढी हवी, डोंगर आडवा आला तर काय होईल, हे सगळं लांबीवरून कळतं. जुन्या रेडिओच्या तबकडीवर शॉर्टवेव्हचे २५, ३१, ४१ असे मीटर छापलेले असायचे, ती हीच लांबी.

आता घाट. बंदरात लांब लाटा खांबाला वळसा घालून पुढे जातात, धक्क्याच्या लांबलचक भिंतीमागे मात्र पाणी शांत असतं. लाटेच्या मानाने अडथळा केवढा, यावर सगळं ठरतं. तीन मीटरच्या एफएम तरंगापुढे सह्याद्रीचा कडा म्हणजे अशी भिंतच. तिच्यामागे सावली पडते. पावणेचारशे मीटरचा तरंग त्याच डोंगरावरून बराच वाकतो, शिवाय जमिनीला धरून पृथ्वीच्या गोलाईबरोबर दूरवर जातो. तरी हा भूतरंग जमिनीत हळूहळू विरतो. दिवसा तुला जवळचीच स्टेशनं मिळतात ती यामुळे.

रात्रीची गोष्ट आकाशात घडते, आणि मला ती वायरलेसमधली सर्वांत सुंदर वाटते. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. या पट्ट्याला आयनांबर म्हणतात. त्याचा सर्वांत खालचा ‘डी’ थर साधारण ६० ते ९० किलोमीटरवर असतो. मध्यम लहर तिथे पोचली की इलेक्ट्रॉन तिच्या तालावर डोलू लागतात. पण तिथली हवा त्यामानाने दाट आहे. ते रेणूंवर आपटतात आणि तरंगाची ऊर्जा उष्णतेत जिरून जाते. सूर्य मावळला की हे सुटे इलेक्ट्रॉन भराभर पुन्हा जोडले जातात आणि डी थर जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्यावरचे थर रात्रीही टिकून असतात. तिथली हवा इतकी विरळ आहे की इलेक्ट्रॉन फारसे आपटत नाहीत. घेतलेली ऊर्जा ते पुन्हा तरंगरूपात सोडतात आणि लहर खाली वळते. ती शेकडो किलोमीटर पलीकडे जमिनीवर उतरते, तुझ्या घरीसुद्धा. एफएमची वारंवारता इतकी जास्त की आयनांबर तिला सहसा वळवू शकत नाही. ती सरळ अवकाशात निघून जाते.

हे कळायला माणसाला वेळ लागला. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने इंग्लंडमधल्या पोल्ड्यूहून निघालेले मोर्सचे ठिपके न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचं जाहीर केलं, तेव्हा सरळ जाणारा तरंग अटलांटिकच्या गोलाईपलीकडे पोचलाच कसा, हे कोडं पडलं. १९०२ मध्ये केनेली आणि हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की वर विद्युतवाहक थर असला पाहिजे. त्याचा थेट पुरावा अ‍ॅपल्टनने १९२४ मध्ये मिळवला. त्याला १९४७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी हा अभ्यास उभा केला आणि वरच्या वातावरणावरचा त्यांचा ग्रंथही १९४७ मध्येच आला.

आवाज का चढतो-उतरतो? एकच लहर दोन-तीन वाटांनी येते. एका तालात आल्या तर बेरीज, उलट्या तालात आल्या तर वजाबाकी. आणि वरचे थर स्थिर नसल्याने वाटांची लांबी सारखी बदलते. मोबाइलमध्येही हेच होतं, फक्त तिथे भिंती आणि इमारती वाटा तयार करतात. १८०० मेगाहर्ट्झला लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, म्हणून फोन चार बोटं सरकवला तरी सिग्नल पडू किंवा सुधारू शकतो. या एका दुखण्यावर इलाज शोधण्यात मोबाइल तंत्रज्ञानाची कितीतरी वर्षं गेली आहेत. आज राउटरला दोन-तीन अँटेना दिसतात, त्यामागे तोच विचार आहे : एकीला सिग्नल कमी पडला तर दुसरीला मिळेल.

सुरुवात रेडिओपासूनच कर. दिवसा शांत असलेली एक जागा मिडियम वेव्हवर धर आणि तिथे दूरचं स्टेशन संध्याकाळी किती वाजता उगवतं ते महिनाभर वहीत लिही. सूर्यास्ताची वेळ शेजारी मांड. रेडिओ हळूहळू फिरवून बघ. आतल्या फेराइट दांडीचं टोक स्टेशनच्या दिशेला आलं की आवाज दबतो, तेव्हा दिशा कळते. मग डेसिबल शीक, नीट आणि सावकाश, कारण पुढचा सगळा हिशेब त्यातच आहे. त्यानंतर मॉड्युलेशन, आणि मग गोंगाट. शॅननने १९४८ मध्ये दाखवलं की किती माहिती बिनचूक पाठवता येईल हे पट्ट्याची रुंदी आणि सिग्नल-गोंगाटाचं प्रमाण यांवर ठरतं. तिथे पोचशील तेव्हा समीकरण तुला हवंसं वाटेल.

आणि हौशी (हॅम) रेडिओच्या परवान्याची परीक्षा जरूर दे. डिप्लोमाचा बराच अभ्यास तिथे कामी येतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला हॅम लोक ‘दोन मीटर’ का म्हणतात, हे आता तुला सांगावं लागणार नाही. परवाना हातात येईपर्यंत मात्र फक्त ऐकायचं, प्रक्षेपण करायचं नाही.