'पर्स्वेड' म्हणजे काय?

नित्याच्या इंग्रजी संभाषणांत 'पर्स्वेड' हें क्रियापद वारंवार कानीं पडतें, आणि भाषांतराच्या वह्यांत तें तितक्याच वारंवार चुकतें. म्हणून त्याचा अर्थ व उपयोग यांचा आपण येथें थोडक्यांत विचार करूं.

हा शब्द लॅटिन भाषेंतून आला. त्यांतील 'पर' या उपसर्गानें कार्य तडीस गेल्याचा बोध होतो, व मूळ धातूचा अर्थ 'सल्ला देणें' असा आहे. लॅटिनमधील 'गोड' या अर्थाचा 'स्वाविस' हा शब्द व संस्कृतांतील 'स्वादु' हा शब्द, हे दोन्ही त्याच धातूचे आप्त होत. तेव्हां आपलें म्हणणें दुसऱ्यास गोड वाटेल असें करणें, हा या शब्दाचा गाभा समजावा.

'मीं त्याची पुष्कळ समजूत घातली, पण तो ऐकेना,' हें मराठी वाक्य शुद्ध आहे. त्याचें 'आय पर्स्वेडेड हिम, बट ही डिड नॉट अग्री' असें भाषांतर केल्यास मात्र पूर्वार्ध व उत्तरार्ध यांत विरोध येतो. कारण 'पर्स्वेडेड' म्हणतांच तो कबूल झाला असें ठरतें. येथें 'आय ट्राइड टु पर्स्वेड हिम' असेंच लिहिलें पाहिजे. 'समजूत घालणें' हा प्रयत्न, 'मन वळविणें' ही सिद्धि. आणि 'पर्स्वेड' हें सिद्धीचें क्रियापद होय. एखाद्यास बेतापासून परावृत्त करणें या अर्थीं 'डिस्वेड' योजावें व पुढें 'फ्रॉम' घालावें.

'कन्व्हिन्स' हा त्याचा शेजारी. तंबाखू अपायकारक आहे हें वैद्यानें रोग्यास पटविलें, तर रोगी 'कन्व्हिन्स्ड' झाला. परंतु चंची कमरेला तशीच राहिली, तर ती सोडण्यास तो 'पर्स्वेडेड' झाला नाहीं. बोलण्यांत हा भेद आज पुष्कळ इंग्रजही पाळीत नाहींत. लिहितांना तो पाळणें बरें.

धाक घालून काम करून घेणें यास 'कंपेल' म्हणतात. 'पर्स्वेड' करण्यांत होकार ज्याचा त्याचाच असतो. तथापि सांगणाऱ्याची जबाबदारी त्यामुळें संपत नाहीं. जेन ऑस्टेन हिची 'पर्स्वेजन' ही कादंबरी १८१७ सालीं, तिच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. तींतील ॲन एलियट १९ व्या वर्षीं, मातेसमान अशा लेडी रसेलच्या सल्ल्यावरून, वेंटवर्थशीं ठरलेला विवाह मोडते व पुढें ८ वर्षें मनांत झुरते. तेथें धाक नव्हता, हेतूही वाईट नव्हता. म्हणून विद्यार्थिमित्रहो, हा शब्द लिहितांना व्याकरण पाहावें. आणि कोणाचें मन वळवितांना त्याचें हित आधीं पाहावें.