रात्री दोनला काय होईल, ते लिहा

जळकोट-मुखेड पट्ट्यात, म्हणजे लातूर आणि नांदेडच्या हद्दीवर, छोट्या दवाखान्यांतून रात्रपाळ्या करताना पटलेल्या गोष्टी.

१. नोंदणी खाटा मोजते. १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली प्रमाणपत्र मिळतं. जागा, नर्स, फायर एनओसी, बायोमेडिकल कचरा हे सगळं पाहिलं जातं आणि पाहायलाच हवं. मात्र मध्यरात्री श्वासनलिकेत नळी कोण घालणार, हे त्या प्रमाणपत्रावरून कळत नाही.

२. खरी परीक्षा मण्यार घेते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश कळतही नाही. पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, थुंकी गिळवत नाही आणि पहाटेपर्यंत श्वास बंद पडू शकतो. सर्पविषावरच्या लसीच्या आठ-दहा बाटल्या सुरुवातीलाच लागतात. पण श्वासाचे स्नायू लुळे पडले की नळी आणि अंबू बॅग दाबत राहणारा माणूसच पेशंटला तारतो. यासाठी मोठं शहर लागत नाही. मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाचे उपचार तालुक्यातच उभे केले. आपल्याच मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला.

३. "पुढे न्या" एवढंच सांगून पेशंट सोडू नये. लातूरला की नांदेडला? नातेवाईक जीपपाशी यावरच वाद घालत उभे असतात. आधी फोन करावा, खाट आहे का विचारावं, सलाइन-ऑक्सिजन लावून चिठ्ठी द्यावी. एका अपघातग्रस्ताला जवळच्या दवाखान्यानं पोलीस केस म्हणून नाकारलं आणि अशा केसेसचा अधिकार असलेल्या, वीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात धाडलं. तो वाटेतच गेला. त्याच प्रकरणात, परमानंद कटारा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली बजावलं की आधी जीव, कागद नंतर. प्रथमोपचार नाकारायला परवान्याची सबब चालत नाही.

४. म्हणून परवान्यावरच प्रतवारी हवी: इथे फक्त स्थिर करून पाठवतात, इथे नळी घालतात, इथे रात्री सिझर होतं. हीच यादी दारावर लावावी आणि १०८च्या नियंत्रण कक्षाकडेही असावी. रात्री भूलतज्ज्ञ थांबायचा तर त्याचं मानधन छोट्या दवाखान्याला एकट्यानं झेपत नाही. त्यात सरकारनं वाटा उचलावा. आणि तपासणी मार्चअखेरीस नको, मे महिन्यात करा, रात्री, न कळवता. मृग लागला की 'पान लागलं', म्हणजे साप चावला, असं म्हणत पेशंट यायला लागतात.