नाल्याचा वास आणि अ‍ॅपवरचा अमोनिया

प्रश्न : आमची सोसायटी पुण्यात नाल्याकाठी आहे. वास येतो, तरी अ‍ॅपवर अमोनिया कायम ‘चांगला’ दिसतो. हे कसे?

उत्तर : अ‍ॅपवरचा आकडा तुमच्या नाल्याचा नसतो, मोजणी केंद्राभोवतीच्या हवेचा असतो. शिवाय नाल्याचा वास बहुतेकदा हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंचा असतो आणि तो फार कमी प्रमाणातही नाकाला कळतो.

आपल्याकडे अमोनियाची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम आहे. २०० पर्यंत हवा गुणवत्ता निर्देशांक ‘चांगला’ म्हणतो. मोजायची जुनी, भरवशाची पद्धत अशी : हवा सौम्य गंधकाम्लातून बुडबुडवायची, मग त्या द्रावणात फिनॉल आणि हायपोक्लोराइट घालायचे. हळूहळू निळा रंग चढतो. जितका गडद, तितका अमोनिया. स्वयंचलित केंद्रात तो तापवून नायट्रिक ऑक्साइडमध्ये बदलतात आणि ओझोनशी होणाऱ्या अभिक्रियेतला प्रकाश मोजतात. पण अमोनिया नळीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतो, पावसाळी दमट हवेत तर जास्तच. नळी लांब किंवा मळकी असली की आकडा फसवा येतो.

माझ्या मते खरी काळजी वेगळीच आहे. हा वायू वाहनांच्या, कारखान्यांच्या धुरातून बनलेल्या आम्लांशी मिळून अमोनियम नायट्रेट व सल्फेटचे सूक्ष्म कण बनवतो, थंडीत तर विशेष. म्हणून थंडीत अमोनिया ‘चांगला’ दिसला तरी पीएम २.५ चा, म्हणजे अशा सूक्ष्म कणांचा, आकडा जरूर पाहा. आणि नाल्याची लेखी तक्रार महापालिकेकडे आजच करा.