शेती सोड, शेत विकू नकोस

चि. अमोल यास,


आक्काचा फोन आला होता. तू शेती सोडतोस म्हणून दाजींनी अबोला धरलाय म्हणे. त्यांचं मी बघतो. तुला मात्र लिहून सांगतो. फोनवर तू नुसतं ‘हो मामा’ म्हणतोस.

सोडण्यात नामुष्की काही नाही. हल्लीच्या पोरांना चिखल नको वाटतो, हे पारावरचं बोलणं मला पटत नाही. आपल्या औशाकडच्या सोयाबीनचंच बघ. 2021 च्या पावसाळ्यात लातूरच्या आडतीत भाव क्विंटलला 10,000 च्या घरात गेला. त्याच ऑगस्टात केंद्राने 12 लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि आपली रास होईपर्यंत भाव निम्म्यावर आला. 2024 ला हमीभाव 4,892, आडतीत मागणी चार हजारांच्या आसपास. हमीभाव केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. ती अट 15 वर नेली तेव्हा अर्धा नोव्हेंबर सरला होता. मळणीवाला आणि खताचा दुकानदार तोवर थांबतात होय? एकरी सात क्विंटल धर, सहा हजार तिथंच गेले. यात कुणाचा आळस आला?

वर वाटण्या. राज्यात 1970-71 ला सरासरी जमीन 4.28 हेक्टर होती, 2015-16 ला 1.34. केंद्राच्याच 2018-19 च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत 10,218 रुपये. त्यात पिकाचे 3,798 आणि मजुरीचे 4,063. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा रोजगाराचा पैसा जास्त येतो. सोलापुरात 2022 ला लग्नाळू पोरांनी बाशिंग बांधून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, त्याला लोक हसले. मुलींच्या बापांनी मात्र हा हिशेब आपल्याआधीच केलाय.

पण एक ध्यानात घे. 2001 ते 2011 या काळात देशातले शेतकरी 85 लाखांहून जास्त घटले आणि शेतमजूर पावणेचार कोटींनी वाढले. शेती सुटलेला प्रत्येक जण पुण्याला पोचत नाही. पुष्कळांचं शेत जातं आणि खुरपं हातातच राहतं. तुझं तसं नाही, तुझ्याकडं इलेक्ट्रिशियनचं काम आहे. जा. मात्र चाकणला खोली घ्यायला म्हणून जमीन विकायचं मनात आणू नकोस. आपल्याकडं शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. सातबाऱ्यावरचं नाव गेलं की परतीची वाट बंद.

शेत बटईनं दे, आणि शेजारच्या कसणाऱ्यालाच दे. आपल्याकडं सगळा व्यवहार तोंडी चालतो. पीक बुडालं की विम्याचा, नुकसानभरपाईचा पैसा सातबाऱ्यावरच्या नावाने येतो. घाम गाळलेला माणूस कोरडा राहतो. गावातून बाहेर पडलेली आपली शहाणी पोरं तो पैसा निमूट खिशात घालतात, याची मला चीड येते. तू कागद कर. बी-खत कुणाचं, राशीत वाटा किती, भरपाई आली तर कसणाऱ्याला किती, सगळं लिही.

अक्षय्य तृतीयेआधी सुट्टी काढून ये. नवी बटई तेव्हाच ठरते. दाजींना सोबत बसवूनच कागद करू, सही त्यांचीच लागेल.

तुझा,
मामा