पहिल्या पावसात जमिनीलगत उमलणारे पिवळे फूल

प्रश्न : जूनच्या अखेरीस बुलडाणा–खामगाव रस्त्यावर बोथ्याच्या जंगलापाशी थांबलो होतो. सागाच्या कुजलेल्या पाल्यातून सहा पाकळ्यांची छोटी पिवळी फुले थेट जमिनीतून वर आलेली दिसली. देठ नाही, फांदी नाही. ही कोणती वनस्पती? आमच्या नांदुऱ्याच्या अंगणात ती लावता येईल का?
— एक वाचक, नांदुरा

उत्तर : वर्णनावरून ही काळी मुसळी. शास्त्रीय नाव कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. आपल्या पानगळीच्या जंगलातली अस्सल देशी, बहुवर्षायू वनस्पती. फुलांभोवती लांबट, उभ्या घड्या पडलेली, खजुराच्या कोवळ्या रोपासारखी पाने होती का, तेवढे आठवून पाहा. असतील तर शंका उरत नाही.

देठ दिसला नाही, कारण फुलाचा अर्धा संसार मातीतच असतो. बीजांडकोश पानांच्या बुडख्यात, जमिनीखाली दडलेला. तिथून एक बारीक नळी वर येते आणि तिच्या टोकाला पाकळ्या उघडतात. म्हणजे ज्याला आपण देठ समजू, तोही फुलाचाच भाग. फळही तिथेच, पानांच्या आवरणात धरते. आत काळ्या चकचकीत बिया, आणि प्रत्येक बीला इवलीशी चोच. जंगलात फूल पाहणारे पुष्कळ, पण हिचे फळ पाहिलेला माणूस क्वचितच भेटतो.

त्याहून खाली सरळ उतरत गेलेले जाडसर खोड असते, बाहेरून काळपट आणि आतून पांढरे. पावसाळा सरला की पाने वाळून जातात. उन्हाळ्यात त्याच जागी गेलात तर काहीही दिसणार नाही. आठ-आठ महिने पाऊस नसलेल्या आपल्या मुलखात ही वनस्पती टिकते ती या खोडात साठवलेल्या अन्नावर.

दुर्दैवाने माणसाला हवे असते तेही हेच खोड. आयुर्वेदात काळी मुसळी पौष्टिक मानली आहे आणि बाजारात तिला मागणी आहे. आवळा किंवा हिरडा गोळा केला तरी झाड उभे राहते. मुसळी खणली की रोपच गेले. बी धरण्याआधी, ऐन पावसाळ्यात खणली तर पुढची पिढीही गेली. म्हणून कळकळीने सांगतो, बोथ्याहून रोप उपटून आणू नका. तो भाग ज्ञानगंगा अभयारण्याचा आहे. १९९७ साली घोषित झालेल्या या सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती काढणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

लागवडीचे रोप मिळाले तर मात्र अंगणात जरूर लावा. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, तिथे चौकशी करा. मागताना ‘काळी’ हा शब्द विसरू नका. अकोट, अंजनगाव सुर्जीकडे जी शेतात पिकते ती सफेद मुसळी. तिचे कूळ वेगळे, फुले पांढरी आणि मुळे बोटांसारखी झुपक्याने येणारी. नुसते ‘मुसळी’ म्हणालात तर हातात बहुधा तीच पडेल.

तुम्ही घाटाखालचे, म्हणजे जमीन काळी, चिकट आणि पाणी धरून ठेवणारी. तशा मातीत हिचे खोड कुजते. फूटभर खोल कुंडी घ्या. तिच्यात माती, रेती किंवा बारीक मुरूम आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा. जागा आंबा-कडुनिंबाखालची, विरळ सावलीची. दिवसभर कडक ऊन नको, तसा गडद अंधारही नको. तुमच्याकडच्या खारपाण पट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी अनेक ठिकाणी खारे असते. तसे असेल तर पावसाचे पाणी साठवून तेच घाला. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडा. कुंडी रिकामी दिसली म्हणून कुणी तिच्यात दुसरे काही लावू नये, यासाठी तिच्यावर चिठ्ठी लावून ठेवा. मृगाच्या सरी आल्या की कोंब वर येतील.

रोपे वाढवायची तर खोडाचा पेरभर, डोळा असलेला तुकडा पावसाच्या सुरुवातीला लावतात. पण त्याहून सोपा मार्ग हीच वनस्पती दाखवते. लांब पान वाकून त्याचे टोक ओल्या मातीला टेकले की तिथे मुळे फुटतात आणि छोटे रोप तयार होते. पावसाळ्यात एखादे निरोगी पान हलकेच वाकवून टोकावर मूठभर माती घाला, ओल राखा. मुळे धरली की टोक कापून वेगळ्या कुंडीत लावा. मूळ रोपाला हातही लावावा लागत नाही.