पाठीराखा कोण? – जुन्या आइसलंडांतील 'फिल्ग्या' आणि देवदूत

जो मनुष्य आपला जुना धर्म सोडून ख्रिस्ताकडे येतो, त्याच्या घराण्याच्या जुन्या पाठीराख्यांचें काय होतें? ते त्याजवर कोपतात काय? आणि त्यांच्या जागीं त्याला दुसरा कोणी रक्षणकर्ता मिळतो काय? हे प्रश्न केवळ आपल्याच गांवांत निघतात असें नाहीं. हजार वर्षांपूर्वीं, युरोपखंडाच्या वायव्येस समुद्रांत असलेल्या आइसलंड बेटावर, हॉल नांवाच्या एका वजनदार शेतकऱ्यापुढें तेच प्रश्न उभे राहिले होते. त्याची हकीकत आज आम्ही पाठाकरितां घेत आहों.

नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन व आइसलंड येथील प्राचीन लोकांस नॉर्स असें म्हणतात. त्यांच्या देवकथा बहुतेक आइसलंडांतच लिहिल्या गेल्या, आणि त्या लिहिणारे लोक ख्रिस्ती होते. 'एड्डा' हा प्रसिद्ध ग्रंथ स्नोर्री स्टुर्लुसन (११७९–१२४१) ह्यानें इ. स. १२२० च्या सुमारास रचिला. म्हणजे तो देश ख्रिस्ती झाल्यावर दोनशें वर्षांनीं. म्हणून ह्या कथांत जुनें किती व नवें किती, हें सावधपणें पाहावें लागतें.

नॉर्स कथांतील देवदूत म्हणून पुष्कळ लोक वाल्किरींकडे बोट दाखवितात. ह्या वीरस्त्रिया ओडिन देवाच्या आज्ञेनें रणांत कोणी पडावें हें ठरवीत, आणि पडलेल्या वीरांस त्याच्या व्हालहाल्ला नांवाच्या दिवाणखान्यांत नेत. पण ओडिनास हे वीर कशाला हवे होते? जगाच्या शेवटीं होणाऱ्या युद्धाकरितां तो सैन्य जमवीत होता. आणि त्याच युद्धांत फेन्रिर नांवाचा लांडगा त्याला गिळणार, असें भविष्य होतें. तेव्हां वाल्किरी माणसाच्या रक्षणास येत नसत. धन्याची गरज भागविण्यास येत.

सामान्य माणसाच्या घरांत ह्याहून जवळचें एक अस्तित्व मानीत असत. त्यास 'फिल्ग्या' म्हणत. ह्या शब्दाचा संबंध मागें येणें, सोबत करणें ह्या अर्थाच्या शब्दाशीं आहे. फिल्ग्या कधीं पशूच्या रूपानें, कधीं स्त्रीच्या रूपानें दिसे. स्त्रीरूप फिल्ग्या पुष्कळदां घराण्याची असे, व एकामागून दुसऱ्याकडे जाई. पण ती आपणास दिसणें हें चांगलें लक्षण नव्हे. 'न्यालाची सागा' ह्या कथाग्रंथांत थोर्ड नांवाच्या सेवकास अंगणापलीकडील कुरणांत रक्तानें माखलेला एक बोकड दिसतो. न्यालास मात्र तेथें कांहींच दिसत नाहीं. तेव्हां न्याल त्यास सांगतो कीं, तुझें मरण जवळ आलें असावें. तूं आपली फिल्ग्याच पाहिलीस. पुढें थोर्ड मारला जातो. फिल्ग्येला मरण कळलें, पण तें टाळतां आलें नाहीं.

माणसाबरोबर कोणी अदृश्य सोबती असतो, ही कल्पना इतर धर्मांतहि आहे. पारशी लोक प्रत्येक मनुष्याची 'फ्रवशी' मानितात, आणि वर्षाच्या शेवटल्या मुक्ताद दिवसांत मृतांच्या फ्रवशी भेटीस येतात असें समजून मुंबईच्या अग्यारींत फुलें ठेवितात. मुसलमान लोक मानितात कीं, प्रत्येक माणसाचीं बरीं-वाईट कृत्यें लिहिणारे दूत त्याजबरोबर असतात. त्यांचा 'मलक' हा शब्द व इब्री भाषेंतील 'मलाख' हा शब्द एकाच घराण्यांतले आहेत. ग्रीक भाषेंतील शब्द 'अँगेलोस' असा आहे. मलाख व अँगेलोस ह्या दोहोंचा मूळ अर्थ एकच: निरोप नेणारा, जासूद. हा अर्थ वाचकांनीं ध्यानांत धरावा. जासुदाचें महत्त्व त्याच्या पंखांत नाहीं. त्याला पाठविणारा कोण, ह्यांत आहे.

आतां हॉलाकडे वळूं. त्याच्या घरची एक कथा जुन्या ग्रंथांत आहे. हिवाळ्याच्या आरंभीं मेजवानी होती. थोर्हॉल नांवाच्या भविष्यवाद्यानें बजावलें होतें कीं, आज रात्रीं कोणीं बाहेर जाऊं नये. रात्रीं दारावर थाप पडली, पुनः पडली, तिसऱ्यानें पडली. पाहुणे झोपेचें सोंग करून पडून राहिले. पाहुण्यांस दार न उघडणें लाजिरवाणें, असें वाटून हॉलाचा तरुण मुलगा थिद्रांदी तरवार घेऊन बाहेर गेला. उत्तरेकडून काळ्या वस्त्रांच्या नऊ स्त्रिया नागव्या तरवारी घेऊन घोड्यांवरून आल्या. दक्षिणेकडून उजळ वस्त्रांच्या नऊ स्त्रिया पांढऱ्या घोड्यांवरून आल्या. काळ्या स्त्रियांनीं त्याला आधीं गांठलें. पाहिलेलें सांगून तो मरण पावला. थोर्हॉल म्हणाला कीं, ह्या तुमच्या कुळाच्याच फिल्ग्या असाव्यात. धर्म बदलणार हें त्यांस कळलें आहे. काळ्यांनीं जातां जातां आपला शेवटला हक्क घेतला, आणि उजळ स्त्रियांस साह्य करावयाचें असूनहि ती वेळ अद्याप आली नव्हती.

ही कथा आम्ही इतिहास म्हणून सांगत नाहीं; ती पुढील पिढ्यांतील ख्रिस्ती लेखकांच्या हातून आली आहे. पण तिच्यांतील भय खरें आहे. कुळाचे जुने पाठीराखे सोडले तर ते मूल घेऊन जातील, हें भय ज्या घरांत बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्रीं कोणाला झोंप आली नाहीं त्या घरास सांगावयास नको.

पुढें नॉर्वेचा राजा ओलाफ त्रिग्वासन ह्यानें पाठविलेला थांगब्रांड नांवाचा मिशनरी हॉलाकडे उतरला. सागेंत असें आहे कीं, मीखाएल दूताच्या सणाच्या दिवशीं हॉलानें विचारलें, हा सण कोणाचा? मग विचारलें, त्या दूताचें सामर्थ्य काय? तो दयाळू आहे असें ऐकून हॉल म्हणाला कीं, असा मित्र मला हवा. पण तो माझा 'फिल्ग्या-दूत' होईल असें वचन तुम्हीं द्या. थांगब्रांडानें वचन दिलें, आणि हॉलानें घरच्या मंडळीसह बाप्तिस्मा घेतला.

वाचकहो, ह्या शब्दावर आम्ही थांबतों. हॉलानें नवें नांव घेतलें, पण जागा जुनीच ठेविली. ह्याबद्दल त्याला हंसूं नये. ज्याचा मुलगा दाराबाहेर मारला गेला असें सांगतात, तो बाप रक्षणकर्ता मागणार नाहीं तर काय मागेल? आणि त्याची मागणी अगदींच निराधार नव्हती. लहानांच्या दूतांविषयीं प्रभु बोलला आहे (मत्तय १८:१०), आणि तारणाच्या वारसांकरितां दूत सेवेस पाठविले जातात असें इब्रीकरांच्या पत्रांत आहे (१:१४). चूक मिशनरीच्या वचनांत आहे. जासुदाच्या वतीनें करार करण्याचा अधिकार माणसास कोणीं दिला? योहान दूताच्या पायां पडूं लागला, तेव्हां दूतानेंच त्याला मना केलें व देवाकडे वळविलें (प्रकटीकरण २२:८, ९). दूतांच्या उपासनेविषयीं पौलानेंहि इशारा दिला आहे (कलस्सै २:१८). कुलदैवताच्या रिकाम्या कोनाड्यांत मीखाएलास बसविलें, तर कोनाडा तसाच राहिला.

इ. स. १००० च्या सुमारास आइसलंडच्या आल्थिंग नांवाच्या लोकसभेंत सर्वांनीं बाप्तिस्मा घ्यावा असा कायदा झाला. तरी गुप्तपणें जुने यज्ञ करण्याची मुभा राहिली, व ती कांहीं वर्षांनीं काढून टाकावी लागली. कायदा एका दिवसांत बदलला; घरांतील कोनाडे रिकामे होण्यास वेळ लागला.

आतां दुसरें एक दार पाहा. प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १२. पेत्र दारावर थाप मारतो, आणि आंतील विश्वासी म्हणतात कीं, तो त्याचा दूत असेल. त्यांच्याहि मनांत हॉलासारखीच समजूत होती. दार उघडतात तों बाहेर जिवंत पेत्र! देवानें खरा दूत पाठविला होता, तो तुरुंगांत. आणि काम होतांच तो निघून गेला. त्याच अध्यायाच्या आरंभीं याकोबाचा वध झाला आहे, हेंहि लपवूं नये. दूत हा ताईत नव्हे. तो आला तरी आपण देवाचे, आणि न आला तरीहि देवाचेच. फिल्ग्या दिसली कीं मनुष्य एकटा मरे. याकोब एकटा मेला नाहीं.

वर्गाकरितां प्रश्न: (१) वाल्किरी कोणाच्या गरजेकरितां येत, व देवदूत कोणाच्या सेवेस येतात? (२) 'मलाख' व 'अँगेलोस' ह्यांचा अर्थ काय? (३) हॉलाच्या मागणींत योग्य काय व अयोग्य काय? (४) आपल्या घरांत नांव बदललेला पण रिकामा न झालेला कोनाडा आहे काय?