कच्चे मडके

धाराशिव जिल्ह्यातील तेर गावी १३व्या शतकात संत गोरोबा कुंभार राहत असत. माती तुडवणे, चाकावर मडकी घडवणे व ती आव्यात भाजणे, हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय. त्यामुळे मनुष्याची पारखही ते कुंभाराच्या रीतीने करीत.

आख्यायिका अशी, की एकदा संतमेळ्यात गोरोबांनी थापटण्याने प्रत्येकाचे मस्तक ठोकून पाहिले. सारे स्वस्थ राहिले. विठ्ठलाचे लाडके म्हणून कौतुकात वाढलेले नामदेव मात्र रागावले. हे मडके कच्चे आहे, असा निर्णय गोरोबांनी दिला. नामदेव दुखावले, परंतु पुढे त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केले आणि अहंकार टाकला.

घर मनुष्याला आकार देते, समाज त्याची परीक्षा घेतो; पक्के होण्यासाठी आच मात्र ज्याची त्यालाच सोसावी लागते.